सगळ्यांना दिसलेलं पाणमांजर

संपादकांनी फोनवर सांगितलं, "पाणथळीच्या कडेला उभी नोकरी काढलीत, तिथं काय काय पाहिलंत ते लिहा." पाहिलं पुष्कळ. जांभळ्या पाणकोंबड्या पाहिल्या, लांब बोटांनी पानांवरून चालणारे कमळपक्षी पाहिले, थंडीत जोडीजोडीनं उतरणारे चक्रवाक पाहिले. दिवड साप तर इतके पाहिले, की एखादा पायाजवळून गेला तरी माझी विडी विझायची नाही. पण या सगळ्यांबद्दल माझ्यापेक्षा बरं लिहिणारे खूप आहेत. मी लिहिणार आहे ते एकाच जनावराबद्दल. ते आमच्या शेजारी राहत होतं, माझ्या तळ्यातले मासे खात होतं, माझ्याच बांधावर घाण करत होतं, आणि मला सोडून जगातल्या सगळ्यांना दिसत होतं. त्याचा मत्सर अजून माझ्या पोटात आहे. वय झालं की असल्या गोष्टी निवतात म्हणतात. माझी निवलेली नाही.

मुळशी धरणाच्या फुगवट्याचा एक फाटा डोंगराच्या पायथ्याशी शिरतो, तिथं आमचं मत्स्यबीज केंद्र होतं. केंद्र म्हणजे काही कच्ची तळी, एक पत्र्याची शेड, एक विहीर आणि दोन माणसं, मी आणि युसूफ मुलाणी. पौडहून येणारी एस.टी. फाट्यावर सोडायची, पुढं चालत. तळ्यांच्या खालच्या अंगाला चिबड होतं. पावसाळ्यात फुगवटा चढला की ते पाण्याखाली जायचं, उन्हाळ्यात पाणी हटलं की मांडीभर गाळ उरायचा, आणि बारा महिने त्यात माणूस दिसणार नाही एवढं पाणकणीस आणि लव्हाळा माजलेला असायचा. खात्याच्या कागदावर त्या जागेचं नाव 'पडीक क्षेत्र' होतं.

आमचं काम बाहेरच्या माणसाला चटकन कळत नाही. मासे आपले आपण होतात, असंच सगळ्यांना वाटतं. धरणात होत असतील, पण गावागावच्या तलावांत सोडायला जे बी लागतं ते कुणीतरी तयार करावं लागतं. थंडीत आम्ही सायप्रिनस माशाची वीण घ्यायचो. ही मादी अंडी नुसती पाण्यात टाकत नाही, तिला ती कशाला तरी चिकटवायची असतात. म्हणून मच्छरदाणीच्या कापडाची पेटी पाण्यात बांधायची, तिच्यात पाणवनस्पतीचे झुबके पसरायचे, आणि संध्याकाळी मादी आणि नर आत सोडायचे. सकाळी झुबका उचलला की त्याला राजगिऱ्यासारखी अंडी लगडलेली. त्यातून निघतं त्याला आम्ही जिरं म्हणायचो. जिरं वाढून बोटाएवढं झालं की ती बोटुकली. बोटुकली प्लास्टिकच्या पिशवीत थोड्या पाण्यात घालायची, वर प्राणवायू भरायचा, तोंड सुतळीनं आवळायचं, पिशवी पत्र्याच्या डब्यात आणि डबा एस.टी.च्या टपावर. आणि ते झुबके कुठून यायचे? त्याच पडीक क्षेत्रातून. हे मात्र कुठल्या कागदावर नव्हतं.

पहिल्याच हिवाळ्यात विणीची मोठी मादी गेली. सकाळी बांधावर तिचं डोकं आणि खवले. चिखलात पावलं उमटलेली, बोटांमध्ये पडदा असलेली. थोडं पुढं एका दगडावर काळसर विष्ठा, तिच्यात माशाचे खवले आणि खेकड्याच्या नांग्यांचे तुकडे, आणि वास असा की दिवसभर हाताला राहावा. मी पावलं पाहिली, विष्ठा पाहिली, उरलेलं जेवण पाहिलं. दगड धुवायचं कामही माझ्याकडेच आलं. जेवणारा मात्र दिसला नाही.

तो युसूफला दिसला. युसूफ पौडचा. घरचं बांगड्यांचं दुकान होतं, पण बायकांचे हात धरून बसायला नको म्हणून हा नोकरीला लागलेला. जाळं ओढण्यात वाकबगार आणि बाकी कामात एक नंबरचा आळशी. दुपारी शेडच्या सावलीत पाय पसरून बसायचा आणि बसल्या जागी ह्याला सगळं दिसायचं. आता युसूफ नाही. असता तर हा लेख मी लिहिला नसता.

"दत्तोबा," एके दिवशी चहाचा कप घेऊन तो म्हणाला, "आज पानमांजर बगितलं. बांधावर आलं, बसलं, दोन्ही हातांनी मिशा पुसल्या, माझ्याकडं बगितलं आन् गेलं."

"मला हाक का न्हाई मारली?"

"हाक मारली आस्ती तर ते पळालं नस्तं का?"

बरोबरच होतं ते, आणि म्हणूनच जास्त झोंबलं. त्यानंतर दर आठ-पंधरा दिवसांनी तो मला बातमी द्यायचा. आज उताणं पोहत होतं. आज मरळ धरून आणला आणि डोक्याकडून खाल्ला, काकडी खाल्ल्यासारखा. आज दोघं होती, एकमेकांशी शिट्ट्या मारत बोलत होती. सांगताना त्याचा चेहरा असा व्हायचा, की जणू जनावर त्याच्याच दुकानात बांगड्या भरायला आलं होतं.

मग मीही हट्टाला पेटलो. पाणकणसात गोणपाट पांघरून बसायला लागलो. जळवा लागल्या, डास चावले, पाय बधिर झाले. वासानं पळत असेल म्हणून विडी सोडली. बायकोनं इतकी वर्षं सांगून सुटली नव्हती, ती एका जनावरासाठी सुटली, याचा तिला राग आला तो वेगळाच. डोक्याला तेल लावायचं बंद केलं. चिबडात तसं बसलं की बाकी सगळं दिसायला लागतं. सुगरणीचा नर पाणकणसाची पाती चिरून नेताना दिसतो. पाणकोंबडी लव्हाळ्याचे कोंब उपटून, एका पायात धरून खाते. पाण्याखाली बोटभर उथळ जागेत मळ्या, खवल्या असले बारके देशी मासे हजारांनी असतात, कारण त्या गचपणात मोठा मासा शिरू शकत नाही. धरणातले देशी मासे वाढतात कुठं, हे मला तिथं बसून कळलं. खंड्या माझ्या गोणपाटावर बसून गेला. हे सगळं सुंदर होतं, नाही म्हणत नाही. पण ज्याला जेवायला बोलावलंय तो येत नाही आणि गावभरचे पाहुणे येऊन जेवून जातात, तसं मला वाटायचं.

संध्याकाळी चिखलानं माखून शेडवर गेलो की युसूफ विचारायचा, "कुटं व्हतास? आत्ता हितं विहिरीपाशी आलतं."

एकदा आमच्या सौभाग्यवती केंद्रावर आल्या. माझा डबा घरी राहिला होता, तो द्यायला पिरंगुटला गाडी धरून पहिल्यांदाच आल्या. मी तळ्यात कमरेइतक्या पाण्यात पेटी बांधत होतो. त्या बांधावर उभ्या. मी बाहेर येऊन पाय पुसतो तोवर त्या म्हणाल्या, "अवो, ते मुंगसावानी काय हो? लांबडं, जाड शेपटीचं? तुमच्या मागनं पवत गेलं."

"माझ्या मागनं?"

"व्हय. तुमी वाकला व्हता तवा. लई गोड तोंड हाय त्याचं."

मी त्या दिवशी तो डबा खाल्ला नाही. त्यांना वाटलं भाजी खारट झाली. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण बायकोचा हेवा वाटण्याची वेळ कधी आली नव्हती.

आणि एक सूसचा शेतकरी. सूस तेव्हा साधं खेडं होतं. या गृहस्थानं नवी विहीर पाडली होती आणि तिच्यात कटला मासे सोडायचं त्याच्या डोक्यात आलं. बोटुकली न्यायला पितळी घागर घेऊन आला. मी म्हटलं, घागरीत मरतील, पिशवीतून न्या, आणि विहिरीत सोडण्याआधी पिशवी न फोडता पाण्यावर तरंगत ठेवा. आतलं आणि बाहेरचं पाणी सारखं गार झालं की मग तोंड सोडा, नाहीतर मासा दचकून मरतो. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मासं सोडलं तर देवाला पानी चालतंय का?" मी म्हटलं, देवाला विचारा. मी प्राणवायूची नळी आणायला शेडमध्ये गेलो आणि परत आलो, तर हा चिबडाकडं बोट दाखवून उभा.

"तुमी ते काळं काय पाळलंय?"

मी त्याला बोटुकली दिली, पण एरवी पिशवीत चार मासे जास्त घालतो, ते त्या दिवशी घातले नाहीत.

अशी वर्षं गेली आणि नवे साहेब आले. कोकणातून बदली होऊन आलेले, खाऱ्या पाण्याचा माणूस. स्वभावानं वाईट नव्हते. बोटुकली पुरत नव्हती, गावोगाव तलाव रिकामे होते, आणि आमच्या खालच्या अंगाला पाणी धरणारी काळी माती आयती पडलेली. त्यांनी पहिल्याच भेटीत ठरवलं, पाणकणीस कापायचं, चिबड खोदायचं आणि तिथं नवी तळी काढायची. रोजगार हमीची माणसं मिळणार होती. पुढच्या भेटीत दोऱ्या मारून आखणी करायची होती.

पर्यावरण वगैरे शब्द तेव्हा आमच्या केंद्रापर्यंत पोचले नव्हते. ते चिबड वाचावं असं मला वाटलं ते पाणकोंबड्यांसाठी, असं आज म्हटलं तर लोक टाळ्या वाजवतील. पण तसं नव्हतं. चिबड गेलं की पाणमांजर जाणार, आणि सगळ्या जगाला दिसून झालेलं ते जनावर मला न दिसताच जाणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं. माझी पाळी यायच्या आधी कुणी पंगत उठवायला निघालं होतं.

मी युसूफला गाठलं. "तू साहेबांना सांग. तू बगितलंयस. हितं जनावर ऱ्हातंय म्हणून सांग."

"सांगतो की. मी काय साहेबाला भितो व्हय?"

साहेब आले. बरोबर दोऱ्या, खुंट्या. बांधावरून चालताना त्यांचा पाय नेमका त्या दगडापाशी थांबला. खवले पाहून त्यांनी विचारलं, "हे कशाचं? पाणमांजर आहे की काय इथं?"

मी युसूफकडं पाहिलं.

"म्हणजे विणीचे मासे जातात ते हेच नेतं," साहेब म्हणाले. "आणि तुम्ही दोघं काय बघत बसता? कुणी पाहिलंय त्याला?"

युसूफनं आपल्या पायाच्या अंगठ्याकडं पाहिलं आणि म्हणाला, "न्हाई साहेब. आपन कदी बगितलं न्हाई."

दर पंधरा दिवसांनी त्याच्यासमोर येऊन मिशा पुसणारं जनावर, त्याची या माणसानं अशी वाट लावली. पाहिलं म्हटलं असतं तर हाकललं का नाही, हा पुढचा प्रश्न होता, हे मलाही कळत होतं. तरी माझं डोकं फिरलं. ज्याला मिळालं होतं त्याला त्याची किंमत नव्हती.

साहेब म्हणाले, "येऊन जाऊन असेल तर आपल्याला काही घेणं नाही. उद्या दुसरीकडं जाईल. राहत असेल, वीण असेल, तर गोष्ट वेगळी. आता वन्यप्राण्यांचा कायदा झालाय. मग वनखात्याला विचारावं लागेल." शेवटचं वाक्य बोलताना त्यांचा चेहरा आंबट झाला. आमच्या खात्यानं वनखात्याला विचारायचं म्हणजे घराची भिंत बांधताना भावकीला विचारायचं.

मी म्हणालो, "वीण आहे, साहेब."

"कशावरून?"

"मी पाहिली."

साहेबांशी बोलताना माझी भाषा आपोआप पुस्तकी व्हायची. त्या दिवशी तर ती सरसर सुटली. मागच्या रविवारी युसूफ बाजाराला गेला होता, मी एकटाच होतो. त्या तिथं, पाणकणसातून मादी बाहेर आली. तोंडात पिल्लू. मानगुटीला धरलेलं, पाय लोंबत होते. बांधावरून आली, पाण्यात उतरली, पिल्लाचं डोकं वर धरून सरळ पलीकडं गेली. मग परत येऊन दुसरं नेलं. पलीकडं लव्हाळ्यात ठेवली. यातलं अक्षरही खरं नव्हतं. त्याच महिन्यात आमच्या घरची मांजरी पिल्लांना माळ्यावरून धान्याच्या कणगीत आणि कणगीतून शेजारच्या गोठ्यात हलवत होती. मांजर पिल्लांना सात घरं फिरवतं म्हणतात, तर हेही नावानं मांजरच की. मी आमच्या मांजरीला पाण्यात उतरवलं, एवढंच.

साहेबांनी दोऱ्या गुंडाळायला सांगितल्या. तळी वरच्या अंगाला काढायची ठरली.

वरचं अंग मुरमाड. त्या तळ्यांत पाणी ठरेना. पुढची कितीतरी वर्षं उन्हाळ्यात मी आणि युसूफ चिबडातली काळी माती पाट्यांनी वर वाहत होतो आणि तळ्यांचे तळ लिंपत होतो. पाटी डोक्यावर घेतली की युसूफ म्हणायचा, "तुझ्या पिल्लांपायी ही हमाली." पण ही पुढची गोष्ट. त्या दिवशी साहेबांची जीप वळणाआड गेली आणि युसूफ माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"पिल्लं बगितलीस?"

"बगितली."

"मला बोलला न्हाईस."

"तू रोज बोलतोस की. मी कशाला बोलू?"

त्याचं तोंड उतरलं. काय सांगू, नोकरीत मला पुढं बढती मिळाली, पण त्या क्षणाची सर तिला नाही. इतक्या वर्षांत त्याला पिल्लं कधी दिसली नव्हती. नर दिसला होता, मादी दिसली होती, जोडी दिसली होती, पण पिल्लं नाही. त्या रात्री त्याला झोप लागली नसणार, कारण सकाळी येताच त्यानं विचारलं, "केवढी व्हती?"

मी हातानं दाखवलं.

"डोळं उघडल्यालं?"

"अर्धवट."

मी त्याला ही गोष्ट एकदम वाढली नाही. थोडी आज, थोडी पुढच्या आठवड्यात. कधी पिल्लाचा रंग, कधी आईची चाल. युसूफ दुपारचं पाय पसरणं सोडून चिबडाच्या कडेला जाऊन बसायला लागला. माझंच जुनं गोणपाट घेऊन. जळवांचे डाग घेऊन परत यायचा आणि मी शेडमध्ये चहा पीत विचारायचो, "काय, दिसली का?" तो मान हलवायचा. मी म्हणायचो, "नशीब लागतंय त्याला." सुख काय असतं हे मला तेव्हा कळलं. पाणमांजर मला अजूनही दिसलं नव्हतं, पण ते आता तितकं टोचत नव्हतं. युसूफकडे नसलेलं काहीतरी माझ्याकडे होतं. ते खोटं होतं हे एकट्या मला ठाऊक होतं आणि मला ते चालत होतं.

असे बरेच हिवाळे गेले. माझी बदली ठरली होती. एक दिवस सकाळी मी शेडबाहेर बोटुकलीच्या पिशव्या भरत होतो. युसूफ चिबडाकडून आला. छातीपर्यंत भिजलेला, चप्पल गाळात राहिलेली. एरवी काही दिसलं की तो लांबूनच ओरडत यायचा. त्या दिवशी गप्प आला आणि माझ्याशेजारी जमिनीवर बसला.

"दिसली," तो म्हणाला.

"काय?"

"पिल्लं. दोन व्हती. तू बोललास तसंच. मानगुटीला धरल्याली, पाय लोंबत्यात. आई बांधावरनं आली, एक पलीकडं लव्हाळ्यात न्हेलं. परत आली, दुसरं न्हेलं. तू बोललास तस्सं." त्याचे डोळे भरून आले होते. "इतकी वर्सं मला वाटायचं, दत्तोबा थापा मारतोय. माफ कर."

मी पिशवीचं तोंड धरून बसलो होतो.

"पर तू एक सांगितलं न्हाईस," तो म्हणाला.

"काय न्हाई सांगितलं?"

"पिल्लू पान्याला भितंय. पानमांजराचं पिल्लू, आन् पान्याला भितंय. बांधावर नखं रोवून बसलं, रडाया लागलं. आईनं ओढून बुचकळलं, वर काढलं, पुन्ना बुचकळलं. तवा कुटं पाय मारायला लागलं. येवढी मोठी गोष्ट, तू कशी इसरलास रं?"

माझ्या थापेतली आई पिल्लाला घेऊन सरळ पलीकडं गेली होती. मांजरीवरून रचलेल्या थापेत हे कुठून येणार? जे मी कधी पाहिलंच नाही, ते पाहण्याचं भाग्यही शेवटी त्याच्याच वाट्याला आलं होतं. माझी मूठ सैल झाली होती. पिशवीतला प्राणवायू सूं करून निघून गेला. युसूफ उत्तराची वाट पाहत होता.

मी म्हणालो, "ऱ्हायलं सांगायचं."